शेवंताच्या नावाची मूठ

माझ्या बापाला कुणी देवमाणूस म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, कसला देवमाणूस? चांगला चावट माणूस होता. भिंतीवरच्या फोटोत गंभीर बसलेला दिसतो, म्हणून आताच्या नातसुना येता-जाता हात जोडतात. त्यांना काय माहीत, धुळ्याच्या फोटोवाल्याने त्याला दम भरला होता, की आबा, आता हसलात तर काच वाया जाईल. उभ्या आयुष्यात माझा बाप तेवढाच एकदा गप्प बसला असेल.

नाव लोटन. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्या-जन्मल्या त्याला अंगणातल्या धुळीत लोळवलं आणि हे नाव ठेवलं. सटवीला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर आहे, याला कशाला न्यायचं. बाप म्हणायचा, तेव्हा लागलेली धूळ अजून निघाली नाही. ते खोटं नव्हतं. नरडाण्याच्या अलीकडे आमचं गाव, कापूस, बाजरी आणि भुईमुगाची शेती, आणि तो दिवस उगवायच्या आत शेतात असायचा तो दिवे लागल्यावरच घरी यायचा. मळ्यातली विहीर त्याने आणि माझ्या मायने दोघांनी मिळून खणली. खाली काळा खडक लागला तेव्हा गावातले शहाणे काठावर उभे राहून सांगायला लागले, की लोटन, इथे पाणी नाही. बाप खालून ओरडला, नसेना का, तुम्हाला ढकलायला खड्डा तरी होईल. पाणी लागलं, आणि सगळ्यात आधी त्याच शहाण्यांना बोलावून त्याने पाजलं.

त्याची मूठ पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. मारायची नव्हे, पेरायची. पेरताना पाभरीमागे चालत तिच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी नरसाळ्यात, दाणे सोडायचे असतात, आणि मूठ सैल पडली तर बियाणं एकाच जागी सांडतं, घट्ट धरली तर तास कोरा जातो. आबाच्या मुठीतून दाणा मोजल्यासारखा पडायचा. लोक आपली पेरणी दोन दिवस लांबवायचे, पण आबाला बोलवायचे. हा तिथेही तोंड बंद ठेवत नसे. बैलांना गाणी म्हणून दाखवायचा, मालकाच्या बायकोची नक्कल करायचा, आणि न्याहारीला तिच्याच हातची भाकरी मागून खायचा.

नकला तर विचारू नका. एकदा कापसाची गाडी घेऊन नरडाण्याच्या स्टेशनावर गेला होता. आगगाडीला उशीर झालेला, लोक गाठोड्यांवर डोकी टेकून पेंगलेले. आबाने मालधक्क्याआडून इंजिनाची अशी शिट्टी काढली, की सगळे धडपडत उठले. कुणी पोरं कडेवर घेतली, कुणी ट्रंका डोक्यावर. हमालसुद्धा धावला. मग कळलं, तेव्हा एक म्हातारी काठी घेऊन त्याच्या मागे लागली. त्याने तिलाच आपल्या बैलगाडीत बसवून तिच्या गावी सोडलं, आणि ती उतरताना म्हणाली, मेल्या, परत एकदा काढ ती शिट्टी.

माय सदानकदा त्याच्यावर चिडलेली. "याले लाज नावनी गोष्ट शे का?" हे तिचं पालुपद. पण त्याला बाजारातून यायला उशीर झाला, की वेशीकडे दहादा डोकावणारीही तीच.

देश स्वतंत्र झाला त्या साली माझं लग्न झालं. साक्रीकडे दिली मला. माणूस चांगला होता, मी खोटं बोलणार नाही. पण चारच वर्षांत मुदतीच्या तापाने गेला. पोटी मूलबाळ नाही. सासूने दिवस होईपर्यंत ठेवलं, मग निरोप धाडला, की तुमची पोर घेऊन जा, हिचा पायगुण वाईट.

आबा गाडी जुंपून आला. सासऱ्याशी एक वाकडा शब्द बोलला नाही. माझी ट्रंक उचलून गाडीत ठेवली आणि म्हणाला, "चाल, शेवंता." साक्रीला आलो तर आठवड्याचा बाजार भरलेला. मी डोक्यावरून पदर ओढून तोंड लपवून बसले. याने गाडी नेमकी हलवायाच्या पालापुढे थांबवली आणि गोडीशेव घेतली, गुळात घोळलेली, लहानपणी मी जिच्यासाठी जमिनीवर लोळायचे ती. पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

"खाय," म्हणाला. "जवाई गया, तुनी जीभ थोडीच गयी?"

"लोक देखतस, आबा."

"देखू दे. मांगतीन ते त्यासलेबी देसूत."

मी एक तुकडा तोंडात घातला आणि मला हुंदका फुटला. तोपर्यंत मी रडलेच नव्हते. बाप बैलांकडे तोंड करून बसला होता, आणि त्याची पाठ हलत होती. त्या दिवशी त्याने गाव येईपर्यंत गाणं म्हटलं नाही.

घरी आले खरी, पण घर पहिल्यासारखं कुठे राहतं? भाऊ निंबाचं लग्न झालेलं, त्याची पोरंबाळं. पाणवठ्यावर भाऊबंदकीतल्या बाया मला ऐकू जाईल एवढ्याच हळू बोलायच्या, लोटनच्या घरात एक तोंड वाढलं. एकीने तर स्पष्टच म्हटलं, खायला काळ अन् भुईला भार. मी त्या दिवसापासून जेवण कमी केलं. सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसायचं, चतकोर भाकरी पाण्याबरोबर गिळायची आणि भांडी घासायला उठायचं. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येत नाही. माझी पोलकी खांद्यावरून घसरायला लागली तरी मला तसंच वाटत होतं.

आता कानबाईचं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खान्देशात कानबाई बसते. पाटावर नारळाची देवी मांडायची, तिला साडी नेसवायची, दागिने घालायचे, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिच्या नैवेद्याचे रोट असतात. त्यासाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, अगदी पाळण्यातल्या मुलाच्याही, गव्हाची आणि हरभऱ्याच्या डाळीची मूठ सुपात टाकायची. त्या पिठाचे रोट फक्त कुळातल्या माणसांनी खायचे. परक्याला द्यायचे नाहीत, गुराला घालायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपले पाहिजेत. उरले तर देवीचा कोप. लग्न झालेली लेक परक्या कुळाची, तिने माहेरचे रोट खायचे नाहीत. बाईच्या नावाची मूठ नसतेच. ती नवऱ्याच्या मुठीतलं खाते, नाहीतर पोराच्या. ज्या बाईला दोन्ही नाहीत, तिने त्या दिवशी काय खावं हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

आमच्या कुळाची कानबाई आमच्याच घरी बसायची, आणि मुठी आबाच टाकायचा. सगळे म्हणायचे, मोजावं तर लोटनच्या मुठीने. मी परत आले त्याच्या पुढच्या श्रावणातली गोष्ट. शनिवारी दुपारी भाऊबंद ओटीवर जमले. मध्ये सुकदेवनाना बसला होता, आबाचा थोरला चुलतभाऊ. कुळात त्याचा शब्द शेवटचा. मी आत दाराआड उभी.

आबाने सूप पुढे ओढलं. तो नुसत्या मुठी टाकत नसे, प्रत्येकाची उडवायचा.

"ही निंबानी. कामले ढिला, खावाले वाघ."

सगळे हसले.

"ही सुकदेवनानानी. दात नहीत, पन रोट पाहिजे."

नानाही हसला. पोरांच्या झाल्या, पाळण्यातल्याची झाली, मग स्वतःची, "ही मनी, इले जरा मोठी धरस," तेही झालं. सूप उचलायला माय वाकली. आबाने तिचा हात बाजूला केला, पोत्यात पुन्हा हात घातला आणि भरलेली मूठ सुपावर धरली.

"ही शेवंतानी," तो म्हणाला. पुढे गंमत केली नाही. दाणे सुपात पडले.

सुकदेवनाना म्हणाला, "लोटन, मस्करी बठ्ठीकडे करस, देवीपुढे नको करू."

"मस्करी नही, नाना."

"बाईनी मूठ नही ऱ्हास. तिनं कूळ तिकडे, साक्रीकडे."

"तिकडला लोक म्हनतस, तू आमनी नही. तुमी म्हनतस, तू आमनी नही. मंग तिनी जेवाले कोठे बसानं?"

नाना जास्तच चिडला. "काढ ती मूठ."

"सुपमा पडेल दाना परत पोत्यामा जास का?" आबा म्हणाला. "तुमीच सांगा, नाना. ही रीत तुमीच शिकाडी."

आता रीत म्हणजे रीत. देवीच्या नावाने पडलेला दाणा परत घेता येत नाही, आणि सगळं एकत्र झालेलं, त्यातली माझी मूठ कोणती हे ब्रह्मदेवालाही निवडता आलं नसतं. नाना उठला. रोट बाटले, म्हणाला, आम्ही खाणार नाही, तुझं तू बघ. त्याच्यामागे एकेक करून सगळे उठले. निंबा खांबाला टेकून नखं खात होता. त्याचीही पोरं लहान, त्याला कोपाची भीती वाटत होती. तो मायकडे बघायला लागला. मीही मायकडेच बघत होते. आयुष्यभर या माणसाची लाज काढत आलेली बाई आता काय बोलते, ते मला ऐकायचं होतं.

मायने सूप उचललं. "शेवंता, चाल," म्हणाली. "जातावर बस मन्हासंगे."

आम्ही दोघींनी एका खुंट्याला हात लावून ते सगळं दळलं. मधूनमधून खुंट्यावरचा माझा हात तिच्या हाताखाली यायचा, तो ती दाबून धरायची.

आबाला वाटलं होतं, रविवारी देवी बसली की राग विरघळेल, सगळे येतील. कुणी आलं नाही. सोमवारी माय डोक्यावर कानबाई घेऊन निघाली, तर भाऊबंद आपापल्या दारात उभे. आबा डफ घेऊन एकटा पुढे नाचत होता. कपाळाला गुलाल, धोतराचा काचा खोचलेला. एका दारापुढे थांबून म्हणाला, "काकी, तोंड रुसेल शे, पन पाय नाची राह्यनात." काकी पदरात तोंड लपवून आत पळाली. पण खाली उतरलं कुणीच नाही. मला त्याची इतकी दया आली, की वाटलं त्या रस्त्यातच सांगावं, आबा, पुरे, मी जाते कुठेतरी.

पण सोमवारी संध्याकाळी खरी पंचाईत समोर आली. सगळ्या कुळाचे रोट, आणि खायला आमचं एक घर. पौर्णिमेपर्यंत संपवायचे. पिठाची परात बघून निंबाचा चेहरा उतरला. आबा मात्र मांडी ठोकून बसला आणि मला हाक मारली. मी सवयीने म्हटलं, तुमचं होऊ द्या, मी मागून बसते.

"मांगून?" तो म्हणाला. "आठे तोंडं कमी पडी राह्यनात. बस. खाय."

तोंड वाढलं म्हणणाऱ्या गावात माझं तोंड कमी पडत होतं. मी पाटावर बसले. रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. पहिला घास चिमणीएवढाच घेतला. आबा माझ्याकडे बघतही नव्हता, निंबाला डिवचत होता, की वाघा, आता का शेळी झाला. मी दुसरा घास घेतला. मग एक अख्खा रोट खाल्ला. मग आणखी एक. मला किती महिन्यांची भूक लागली होती ते मला त्या पाटावर कळलं.

त्याला केव्हापासून दिसत होतं, कोण जाणे. मूठ टाकली तेव्हा त्याला हे सगळं असं होईल हे ठाऊक होतं का, तेही मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने काहीतरी चावट उत्तर दिलं असतं.

मग रोज तेच. सकाळी रोट, दुपारी शेतात फडक्यात बांधून रोट, रात्री रोट. निंबाच्या पोरांची आबा शर्यत लावायचा. माय म्हणायची, मला गव्हाचा वाससुद्धा नको. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निंबाने हात जोडले. आबाचं तर पोट बिघडलेलं, तो लिंबाखाली खाटेवर ओवा चघळत कण्हत पडला होता. टोपलीत रोट उरलेले. मी एकटी टोपलीपुढे बसले होते. पोट गच्च भरलेलं, घास फिरत होता, पण मी तोडत होते आणि खात होते, कारण उरले असते तर लोक म्हणाले असते, लोटनने विधवा लेकीसाठी देवीचा कोप ओढवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालू होतं.

मान वर केली तर सुकदेवनाना दारात उभा. किती वेळ उभा होता, देव जाणे. रागीट होता, पण देवीला भिणारा होता, आणि माझ्या बापावर त्याचा जीव होता.

"कितलं उरनं?" त्याने विचारलं.

मी टोपली दाखवली. नानाने चपला काढल्या, काठी भिंतीला लावली आणि माझ्यासमोर मांडी घातली.

"शेवंता, वाढ," म्हणाला. "दात नहीत, खीरमा भिजाडी दे."

मी वाढलं. तो सावकाश, हिरड्यांनी चावत खायला लागला. बातमी भाऊबंदकीत पसरायला वेळ लागत नाही. नाना जेवतोय म्हटल्यावर एकेक जण आला, आणि येईल तो खाली बसला. पाणवठ्यावरच्या त्या बायासुद्धा आल्या. मी वाढत होते. बाहेरून खाटेवरून आबाचा आवाज आला, "नाना, बठ्ठं नका खाई टाका. मनी पोरले बी ऱ्हावू द्या."

नानाला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

पुढे दर श्रावणात माझ्या नावाची मूठ पडायची आणि कुणी चकार शब्द काढला नाही. आबाने तेवढ्यावर थांबू नये? दुसऱ्या वर्षी बाजरीच्या पेरणीला त्याने मला चाड्यावर उभं केलं. विधवेचा हात बियाणाला, म्हणून पुन्हा कुजबुज झाली. तो मागून चालत शिकवायचा, अंगठा इथे ठेव, बोटं सैल, दाणा सोडू नको, पडू दे. बाजरी दोरीत उगवली तेव्हा त्याने साऱ्या गावाला बांधावर नेऊन दाखवली. मला लाज वाटली आणि छाती फुगलीही. पुढे लोक त्याच्या मुठीबरोबर माझीही मूठ मागायला लागले.

अठ्ठावन्न साली मार्गशीर्षात तो गेला. चार दिवस ताप. शेवटच्या दिवशी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागितली. दोन घास खाल्ले आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "खाई ले," म्हणाला. "उराले नको." मी त्याच्यासमोर बसून सगळं खाल्लं. तो बघत होता. ताट पुसून खाल्लं आणि वर पाहिलं, तोवर त्याचा डोळा लागला होता. त्यातून तो उठला नाही.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली नाही. त्याच्या पुढच्या साली, महाराष्ट्र झाला त्या वर्षी, पुन्हा भाऊबंद ओटीवर जमले. सुकदेवनानाला आता दिसत नव्हतं, नातवाने हात धरून आणून बसवलं. मुठी टाकायला निंबा बसला. बिचाऱ्याच्या मुठीतून दाणे सुपाबाहेर सांडत होते. नुसती नावं घ्यायचा आणि टाकायचा, कुणी हसलं नाही. शेवटची मूठ पडली, आणि त्याने सूप मायकडे सरकवलं.

मी दारात उभी होते. आत वळले. म्हटलं, झालं. बापाची होती, बापाबरोबर गेली.

"एक मूठ ऱ्हायनी," सुकदेवनाना म्हणाला.

"कोनी, नाना?"

"निंबा, मना डोया गयात, कान नही गयात. शेवंतानी ऱ्हायनी."

निंबा ओशाळला. दुष्टावा नव्हता त्याच्या मनात. म्हणाला, "ती ते आबा टाके. माले वाटनं, आबासंगे गयी ती मूठ." आणि पोत्यात हात घालायला लागला.

"तू नको टाकू," नाना म्हणाला. "तुनी मूठ सैल शे. तिले टाकू दे."

सुपावर बाईने मूठ टाकलेली आमच्या कुळात कुणी पाहिली नव्हती. माय माझ्याकडे बघत होती. मी ओटीवर आले, पोत्यात हात घातला. अंगठा इथे, बोटं सैल. मूठ सुपावर धरली आणि बघितलं तर ती हुबेहूब त्याची मूठ होती, तशीच गाठाळ, तशीच काळी. आणि काय झालं मला माहीत नाही, माझ्या तोंडून त्याच्याच चालीत, त्याच्याच आवाजात निघून गेलं.

"ही शेवंतानी. कामले वाघ, आनी खावालेबी वाघ."

दोन वर्षांत त्या ओटीवर कुणी हसलं नव्हतं. माय आधी हसली, मग तिने पदर डोळ्यांना लावला. सुकदेवनाना मात्र हसला नाही. तो मान वळवून, आंधळे डोळे माझ्या दिशेने लावून, कान देऊन बसला होता.

"कोन बोलनं?" त्याने हळूच विचारलं. "लोटन?"

आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात. मी दाणे सुपात पडू दिले आणि म्हटलं, "नही, नाना. लोटननी आंडेर."